मार्गरेट रिव्हर पहिल्यांदा बघताना: वाऱ्याच्या वेळापत्रकाने

पर्थला राहायला आल्यापासून आमच्या घरी पाहुण्यांचा राबता असतो, आणि विमानतळावरून घरी येतानाच प्रश्न येतो, "मार्गरेट रिव्हरला कधी जायचं?" पहिल्या वर्षी आलेल्या मंडळींना मी उत्साहाने एका दिवसात पाच वाईनरी फिरवल्या. संध्याकाळी कुठली वाईन कुठे घेतली ते एकालाही सांगता येईना. साडेआठला जेवायला बाहेर पडलो तर गावातली स्वयंपाकघरं बंद व्हायला लागली होती. शेवटी मोटेलच्या खोलीत बसून पुण्याहून आलेली बाकरवडी संपवली. समुद्र आम्ही पाहिला तो गाडीच्या काचेतून.

त्यानंतर बऱ्याच खेपा झाल्या आणि एक रीत बसली. ती पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी लिहून ठेवते आहे. वाईन न पिणाऱ्यांनीही वाचावं. इथे बघण्यासारखं जे आहे त्यातलं निम्म्याहून जास्त बाटलीच्या बाहेर आहे.

१. आधी नकाशा डोक्यात बसवा

मार्गरेट रिव्हर हे एका छोट्या नदीचं नाव, तिच्या काठच्या गावाचं नाव आणि भोवतालच्या सगळ्या वाईनप्रदेशाचंही नाव. पर्थपासून दक्षिणेला गाव साधारण २७० किलोमीटर, म्हणजे तीन तासांचा रस्ता. ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात जमिनीचा एक चौकोनी तुकडा समुद्रात पुढे आलाय. त्याच्या उत्तरेच्या टोकाला केप नॅचरलिस्ट, दक्षिणेच्या टोकाला केप लिउइन. दोन्हीकडे दीपगृह, आणि मधे सुमारे शंभर किलोमीटरचा किनारा.

हा तुकडा पश्चिमेकडून पूर्वेकडे तीन पट्ट्यांत वाचायचा. पहिला पट्टा समुद्राचा. त्याला लागून चुनखडीचा लांबलचक कणा, ज्याच्या पोटात गुहा आहेत आणि पाठीवर झुडपं नि जंगल. त्याच्या पलीकडे तांबूस, खडेयुक्त मातीवर द्राक्षमळे. केव्ह्ज रोड हा देखणा, वळणावळणाचा रस्ता या कण्याच्या कडेकडेने उत्तर-दक्षिण जातो. बसल्टन, काऊरॅमप, मार्गरेट रिव्हर अशी गावं जोडणारा बसेल हायवे त्याच्या पूर्वेला. बहुतेक नामांकित वाईनरी या दोन रस्त्यांच्या मधल्या पट्टीत आहेत, त्यातही विलिअब्रप नावाच्या भागात जास्त दाटीने.

एवढं कळलं की एक गोष्ट आपोआप लक्षात येते. समुद्र, गुहा आणि मळा ही तिन्ही ठिकाणं एकमेकांपासून फार तर अर्ध्या तासावर असतात. तेव्हा "एक दिवस बीचचा, एक दिवस वाईनचा" अशी वाटणी करण्यात अर्थ नाही. रोज तिन्हीतलं थोडं थोडं घ्यावं.

२. महिना कुठला निवडायचा

पाऊस इथे हिवाळ्यात पडतो, मे ते सप्टेंबर. वर्षाला साधारण हजार मिलिमीटर, आणि उन्हाळा जवळजवळ कोरडा. आपल्या उलट, हे पहिल्यांदा येणाऱ्यांनी ध्यानात ठेवायचं. जूनमध्ये शाळेच्या सुट्टीत भारतातून आलात तर छत्री लागेल, पण त्याच वेळी दक्षिण टोकाजवळच्या ऑगस्टा गावाच्या खाडीत हंपबॅक देवमासे आलेले असतात. सप्टेंबरपासून ते उत्तरेच्या जिओग्राफ बेमध्ये दिसतात आणि त्याच सुमाराला रानफुलं येतात. नोव्हेंबरच्या आसपास निळे देवमासे उत्तरेकडच्या डन्सबरो गावाच्या किनाऱ्यावरून चक्क दिसण्याइतके जवळून जातात.

द्राक्षांची तोडणी साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. शार्डने आधी, कॅबरने सोविन्यों सगळ्यात शेवटी. माझी स्वतःची आवड विचाराल तर मार्च. पाणी त्यातल्या त्यात उबदार, मळ्यात कामाची लगबग आणि शाळा चालू असल्याने गर्दी कमी. ख्रिसमस ते जानेवारीअखेर आणि ईस्टर टाळा. खोल्यांचे भाव भडकतात आणि दोन-तीन रात्रींची सक्ती असते.

३. मुक्काम आणि गाडी

लहान मुलं किंवा वयस्क मंडळी बरोबर असतील तर डन्सबरो, शांत समुद्रामुळे. सगळ्याच्या मधोमध राहायचं असेल तर मार्गरेट रिव्हर गाव. निवांतपणा हवा आणि रात्री आठनंतर काहीच उघडं नसलं तरी चालणार असेल तर ऑगस्टा. दोन रात्री हा किमान हिशेब, तीन असतील तर उत्तम.

गाडी लागतेच. पर्थहून बस येते, पण आल्यावर मळा-गुहा-किनारा करायला सार्वजनिक वाहन जवळजवळ नाही. वाहतूक आपल्यासारखी डावीकडून, आणि पर्यटकाला इंग्रजी मजकूर असलेलं भारतीय लायसन्स चालतं. भाड्याच्या गाडीच्या करारात कच्च्या रस्त्याचं कलम नीट वाचा. बऱ्याच विम्यांत तिथलं नुकसान धरत नाहीत, आणि बोरानपच्या जंगलात कच्चे रस्ते मोहात पाडतात. दक्षिणेकडे केव्ह्ज रोडवर फोनचं नेटवर्क मधेमधे जातं, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्या.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कांगारूंची वेळ. सूर्य मावळताना आणि उगवताना ते रस्त्याच्या कडेला चरायला येतात आणि दिवे दिसले की पळण्याऐवजी समोर उडी मारतात. अंधारात लांबचा प्रवास ठेवू नका. जेवणाचं ठिकाण मुक्कामाच्या जवळ असू दे आणि आठच्या आत जाऊन बसा.

४. दिवसाचा क्रम वारा ठरवतो

माझी सगळी रीत यावर उभी आहे. उन्हाळ्यात रात्री आणि सकाळी वारा पूर्वेकडून, जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. पश्चिमेच्या किनाऱ्यावर तेव्हा लाटा घडीव आणि पाणी स्वच्छ असतं. दुपारी जमीन तापली की नैर्ऋत्येकडून समुद्री वारा सुटतो. पर्थमध्ये याला लाडाने "फ्रीमँटल डॉक्टर" म्हणतात. मग वाळू अंगावर टोचायला लागते, पाण्याला खवळ येतो आणि छत्री घेऊन बसलेली माणसं छत्रीच्या मागे धावताना दिसतात.

म्हणून सकाळी सात-साडेसातला समुद्र. दहा-अकराला ऊन चढलं की गुहा, जिथे बाराही महिने सतरा अंशांच्या आसपास गारवा असतो. साडेबाराला एखाद्या वाईनरीत टेस्टिंग आणि तिथेच जेवण. दुपारी दुसरी वाईनरी किंवा जंगलातली सावली. टेस्टिंगची दालनं चार-साडेचार, फार तर पाचला बंद होतात. संध्याकाळी पुन्हा समुद्र, पण उंचावरून आणि जाकीट घालून.

दिवसाला वाईनरी दोनच. हा नियम मी सासऱ्यांसाठीसुद्धा मोडला नाही.

५. समुद्रात कुठे उतरायचं

आपण कोकणातली माणसं किनाऱ्यावर गेलो की आधी भरती-ओहोटी विचारतो. इथे ती सवय उपयोगाची नाही. भरती-ओहोटीचा फरक जेमतेम, मीटरभरही नसतो. धोका लाटेचा आहे. दूर दक्षिणेतल्या वादळांतून निघालेल्या लाटा हजारो किलोमीटर मोकळ्या पाण्यावरून इथे येतात. दहा मिनिटं खडक कोरडा दिसतो आणि मग एकदम तिप्पट उंचीची लाट त्याच्यावरून जाते. ओला खडक दिसला की तिथवर लाट येऊन गेली आहे असं समजायचं आणि फोटोसाठी पुढे सरकायचं नाही.

किनाऱ्याचं तोंड कुठे आहे ते बघा. उत्तरेकडे तोंड असलेले मीलप, ईगल बे, बंकर बे, बसल्टन हे शांत. केप नॅचरलिस्टच्या आडोशाने नैर्ऋत्येची लाट तिथे पोचत नाही. पोहायला शिकणाऱ्याने इथेच राहावं. पश्चिमेकडे तोंड असलेले सगळे सर्फरांचे. प्रेव्हलीच्या सर्फर्स पॉइंटला उभं राहून मेन ब्रेकची लाट नुसती बघणं हाही तासाभराचा कार्यक्रम आहे. सर्फिंगची जागतिक स्पर्धा होते ती इथेच. यालिंगपला खडकांच्या कुंपणाआड एक उथळ तळं आहे, तिथे समुद्र शांत असेल त्या सकाळी स्नॉर्केलिंग छान होतं.

शार्क आहेत का? आहेत. २०१८ साली आसपास झालेल्या हल्ल्यांमुळे ती जागतिक स्पर्धा अर्ध्यावर थांबवली होती. पहाटे आणि संध्याकाळी एकट्याने पाण्यात जाऊ नये, देवमासा वाहून आलेला असेल त्या बाजूला फिरकू नये आणि जीवरक्षकांचे लाल-पिवळे झेंडे असतील तिथे त्यांच्या मधेच राहावं. शार्कपेक्षा मला इथल्या कड्यांची भीती जास्त वाटते. चुनखडी पोकळ असते. १९९६ मध्ये ग्रेसटाऊनजवळ शाळेची सर्फिंग स्पर्धा बघायला कड्याखाली आडोशाला बसलेल्या माणसांवर तो कडा कोसळला आणि नऊजण गेले. सावली कितीही मोहक असली तरी कड्याखाली बसायचं नाही.

दक्षिणेला हॅमेलिन बेवर मात्र जाच. जुन्या धक्क्याचे उरलेसुरले खांब आणि त्यांच्या बाजूला गुडघाभर पाण्यात फिरणारे स्टिंग रे. पूर्वी कोळी इथे मासे साफ करायचे, त्या वासाने यांना किनाऱ्याची चटक लागली. मीटरभर रुंदीची काळी घोंगडी पायाजवळून संथपणे सरकत जावी तसं दिसतं. शेपटीला काटा असतो. स्थिर उभं राहा, हात लावू नका, खायला घालू नका.

६. एक गुहा, फार तर दोन

चुनखडीच्या या कण्यात शंभराहून अधिक गुहा आहेत; लोकांसाठी उघड्या मोजक्या. मॅमथ गुहेत पायऱ्या त्यातल्या त्यात कमी, आपापल्या गतीने फिरता येतं, आणि भिंतीत नामशेष झालेल्या झायगोमॅटूरस या अवजड प्राण्याच्या जबड्याचं हाड दिसतं. ज्वेल गुहेत साडेपाच मीटरच्या जवळपास लांबीची, सरबताच्या नळीसारखी पोकळ चुन्याची कांडी लटकते आहे. यालिंगपजवळची न्गिल्गी ही पर्यटकांसाठी १९०० साली उघडली. न्गिल्गी हा इथल्या मूळ रहिवासी वाडांडी लोकांच्या कथेतला चांगला, सागरी आत्मा. त्याने गुहेत दबा धरून बसलेल्या दुष्ट वोल्गिनला हुसकलं, अशी गोष्ट आहे.

मला एकच निवडायला सांगितली तर लेक केव्ह. छत कोसळून झालेल्या एका प्रचंड खड्ड्यात तीनशेहून जास्त पायऱ्या उतरायच्या. खड्ड्याच्या तळातून वर आलेली कॅरी नावाची, निलगिरीच्या कुळातली झाडं तुमच्याबरोबर उंच होत जातात. आत एक स्थिर तळं. पाण्याच्या वितभर वर, छतापासून आलेल्या दोन चुन्याच्या खांबांना धरून, कित्येक टनांचं एक टेबल अधांतरी लटकतंय. मूळ जमीन मातीची होती, तिच्यावर चुना साचून फरशी झाली, खांब तिच्यापर्यंत पोचून चिकटले आणि मग खालची माती ओढ्याने वाहून नेली. वाटाड्या काही क्षण दिवे मालवतो. त्या अंधारात माझ्या सासूबाईंनी माझा हात धरला होता आणि पाणी टपकण्याचा आवाज येत होता, एवढंच आठवतं. गुडघे दुखत असतील त्यांनी मॅमथच करावी, कारण त्या पायऱ्या परत चढायच्या असतात. तिकीट आदल्या दिवशी काढा.

७. द्राक्षमळा: काय बघायचं आणि काय विचारायचं

हा प्रदेश वाईनसाठी जुना नाही. १९५५ मध्ये कॅलिफोर्नियातले द्राक्षतज्ज्ञ हॅरॉल्ड ओल्मो पश्चिम ऑस्ट्रेलियात येऊन गेले आणि दक्षिणेकडच्या गार भागाबद्दल त्यांनी चांगला शेरा मारला. त्यानंतर दहा वर्षांनी डॉ. जॉन ग्लॅडस्टोन्स या कृषिशास्त्रज्ञाने मार्गरेट रिव्हरच्या हवामानाचा नीट अभ्यास मांडला आणि फ्रान्समधल्या बोर्दोशी तुलना केली. गंमत अशी की या गृहस्थांचं खरं काम ल्युपिन या कडधान्यावर. मग डॉ. टॉम कलिटी या पर्थच्या हृदयरोगतज्ज्ञाने १९६७ साली विलिअब्रपला आठ एकरांत वेली लावल्या आणि तीन तास गाडी हाकत शनिवार-रविवार शेती केली. पाठोपाठ मॉस वुडची बिल पॅनेल यांनी, कलनची केविन आणि डायना कलन यांनी. पॅनेल आणि केविन कलन हेही डॉक्टर. इथल्या वाईनचा जन्म दवाखान्यात झाला, असं मी पाहुण्यांना सांगते.

कलिटींच्या मळ्याचं नाव व्हास फेलिक्स. १८०१ साली निकोला बोदँच्या फ्रेंच मोहिमेतला थॉमस व्हास हा खलाशी इथल्या लाटांत वाहून गेला. त्या अभागी व्हासच्या पुढे लॅटिनमधला "फेलिक्स", म्हणजे भाग्यवान, हा शब्द जोडला. भाग्य लगेच उघडलं नाही. १९७१ च्या पहिल्या पिकावर पाखरं तुटून पडली, उरलेलं कुजलं. पाखरांना घाबरवायला कलिटींनी बहिरी ससाणा आणला. पहिल्यांदा सोडल्यावर तो जो उडाला तो परत आलाच नाही. बाटलीवरचा ससाणा तो हाच.

पाखरांची ही भानगड समजून घेतली की मळा वेगळा दिसायला लागतो. फेब्रुवारीत इथे मारी नावाची झाडं फुलतात, घट्ट साईच्या रंगाची फुलं. सिल्व्हरआय या चिमुकल्या पक्ष्याला त्या फुलांचा मध द्राक्षापेक्षा जास्त आवडतो. मारी भरून फुलली तर द्राक्षं वाचतात. कमी फुलली तर मळेवाले रातोरात ओळीच्या ओळी पांढऱ्या जाळीखाली घालतात. म्हणून टेस्टिंगच्या दालनात शिरताना "यंदा मारी कशी आहे?" असं विचारा. माझा निफाडचा मावसभाऊ तीन वर्षांपूर्वी आला होता. त्याने मोडक्यातोडक्या इंग्रजीत हेच विचारलं आणि समोरच्या बाईंनी काउंटर सोडून त्याला थेट वेलींपाशी नेलं.

तिथे झालेला संवाद मला अजून आठवतो. आपल्याकडे नाशिकला वेल झोपतच नाही, म्हणून वर्षाला दोन छाटण्या कराव्या लागतात, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी. इथे थंडीत वेल पानं गाळून निजते, छाटणी एकदाच. हे ऐकून भाऊ म्हणाला, "अर्ध्या मजुरीत सुटले की!" मग त्यांनी शार्डनेचा एक घड उचलून दाखवला. एकाच घडात काही मणी टपोरे, काही वाटाण्याहून बारके. "आपल्यात याला शॉट बेरी म्हणतात, आणि बाजारात असा घड कुणी हातात धरत नाही," भाऊ म्हणाला. इथे नाव "कोंबडी आणि पिल्लं". जिनजिन नावाच्या क्लोनचा, म्हणजे एकाच वेलीच्या कलमांपासून वाढवलेल्या वाणाचा, हा गुण आहे. बारक्या मण्यात रसाच्या मानाने साल जास्त, म्हणून वाईनला अंग येतं. खाण्याच्या द्राक्षातला दोष वाईनच्या द्राक्षात भूषण ठरतो.

मातीही हातात घेऊन बघा. लोहयुक्त बारीक खडे, तांबूस. माझे सासरे राजापूरचे, त्यांनी खडा अंगठ्याने घासून पाहिला आणि म्हणाले, "हा तर जांभाच." चुकलं नव्हतं. इथली खडेयुक्त माती आपल्या जांभ्याच्याच कुळातली आहे. पाणी धरत नाही, वेलीला फार माजू देत नाही.

आता प्रत्यक्ष टेस्टिंग. बऱ्याच ठिकाणी दहा-वीस डॉलरच्या आसपास शुल्क असतं, बाटली घेतली तर अनेकजण ते वजा करतात. पाच-सहा प्रकार, प्रत्येक घोट-दोन घोट. पांढऱ्यापासून सुरुवात, लालवर शेवट. पेला दांड्याला धरून हलवायचा, आधी वास, मग घोट, तोंडात फिरवायचा आणि ठेवलेल्या भांड्यात थुंकायचा. आपल्याला याची फार लाज वाटते. वाटून घेऊ नका. जाणकार सगळे थुंकतात, आणि गाडी चालवणाऱ्याला तर दुसरा मार्ग नाही. रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०५ टक्के आहे, नवशिक्या चालकाला शून्य, आणि पोलिस भर दुपारीही गाड्या थांबवून फुंकायला लावतात. १०० मिलिलिटर वाईन म्हणजे साधारण एक स्टँडर्ड ड्रिंक, एवढा हिशेब ठेवा. दोन्ही वाईनरींसाठी चालक एकच आणि तो कोरडा, ही सगळ्यात सोपी सोय.

पहिल्यांदा चाखणाऱ्याने तीन गोष्टी मागाव्यात. सेमिलॉन आणि सोविन्यों ब्लाँ यांचं मिश्रण, जे इथे घरोघरी उन्हाळ्यात उघडतात. शार्डने, जी मला इथली सर्वोत्तम वाटते. आणि कॅबरने सोविन्यों, जिच्यावर प्रदेशाचं नाव मोठं झालं. केप मेंटेलच्या कॅबरनेने १९८३ आणि १९८४ असा लागोपाठ दोनदा जिमी वॉटसन हा ऑस्ट्रेलियातला लाल वाईनचा मानाचा करंडक जिंकला, तेव्हा पूर्वेकडच्या ऑस्ट्रेलियाने इकडे मान वळवली. लिउइन इस्टेट बघण्यासारखी आहे ती शार्डनेइतकीच हिरवळीसाठी. १९८५ मध्ये लंडन फिलहार्मोनिकचा वाद्यवृंद तिथे उघड्यावर वाजला होता. कलनमध्ये शेती बायोडायनॅमिक पद्धतीची. गायीच्या शिंगात शेण भरून ते जमिनीत पुरतात आणि नंतर पाण्यात घुसळून शिंपडतात. जीवामृत करणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे ऐकून हसू येईल की बरं वाटेल, ते ज्याचं त्याने ठरवावं.

शाकाहाऱ्यांसाठी एक गोष्ट, जी कुणी आपणहून सांगत नाही. वाईन नितळ करायला काही ठिकाणी अंड्याचा पांढरा बलक, दूध किंवा माशाच्या पिशवीपासून केलेला पदार्थ वापरतात. चालत नसेल तर "व्हीगन" वाईन आहे का विचारा, बहुतेक ठिकाणी मिळते. वाईनरीतलं जेवण आधी नोंदवावं लागतं. नोंदवतानाच शाकाहारी किती, अंडं चालतं का, हे सांगितलंत तर खरंखुरं ताट मिळतं, नाहीतर भाजलेला भोपळा ठरलेला. भारतात परतताना माणशी दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना नेता येतं, म्हणजे पाऊण लिटरच्या दोन बाटल्या आरामात.

८. इतिहास रस्त्याच्या कडेला आहे

संग्रहालय शोधू नका. काऊरॅमप, यालिंगप, विलिअब्रप या नावांच्या शेवटी येणारा "अप" हा इथल्या आदिवासींच्या नूंगार भाषेतला, अर्थ "ची जागा". काऊरॅमप हे पोपटाच्या एका जातीवरून पडलेलं नाव, पण इंग्रजीत "काऊ" ऐकू येतं म्हणून गावाने रस्त्याकडेला फायबरच्या पूर्णाकृती गायी उभ्या केल्यात. मुलं खूश. डेव्हिल्स लेअर नावाच्या गुहेत माणसाच्या वस्तीच्या सुमारे ४८ हजार वर्षांपूर्वीच्या खुणा मिळाल्या आहेत. वाडांडी म्हणजे खाऱ्या पाण्याची माणसं. ती इतक्या काळापासून इथे आहेत.

बसेल हे नाव हायवेला, शहराला, सगळीकडे दिसेल. हे १८३० च्या दशकात आलेलं इंग्रज कुटुंब. १८४१ मध्ये वॉनरपला जॉर्ज लेमन हा वसाहतवाला मारला गेल्यावर गोऱ्यांच्या टोळ्यांनी वाडांडींची कत्तल केली आणि त्यात बसेलही होते. हे रस्त्याच्या पाटीवर लिहिलेलं नाही, म्हणून सांगते. रेडगेटच्या किनाऱ्यावर दुसरी गोष्ट. १८७६ च्या डिसेंबरात जॉर्जेट नावाचं वाफेचं जहाज फुटलं. सॅम आयझॅक्स या आदिवासी वंशाच्या गुराख्याने ते पाहून घरी वर्दी दिली, आणि मग तो नि सोळा वर्षांची ग्रेस बसेल घोडे थेट लाटांत घालून माणसं काढत राहिले. तिला रौप्यपदक, त्याला कांस्य. तिच्या नावाने ग्रेसटाऊन हे गाव आहे, त्याच्या नावाने पाण्यातला एक खडक. उभं राहून बघण्यासारखा तो खडक आहे.

लाकडाचा इतिहास बोरानपमध्ये. साठ मीटरपर्यंत जाणारी कॅरीची झाडं, गुळगुळीत फिकट बुंधे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एम. सी. डेव्हिस यांच्या गिरण्यांनी हे जंगल साफ कापलं आणि हॅमेलिनच्या धक्क्यावरून लाकूड जगभर गेलं. आज दिसतं ते सगळं त्यानंतर पुन्हा वाढलेलं.

केप लिउइनचं दीपगृह १८९५-९६ चं, ३९ मीटर उंच. हिंदी महासागर आणि दक्षिण महासागर इथे मिळतात असं तिथला फलक म्हणतो. वारा इतका की टोपी सांभाळावी. दीपगृहापेक्षा मला त्याच्याजवळचं लाकडी पाणचक्र जास्त आवडतं. झऱ्याचं पाणी वर चढवायला ते बांधलं होतं. त्या पाण्यातल्या चुन्याने हळूहळू त्याचा दगड करून टाकला.

९. थोडं चालणं

केप टू केप ही दोन्ही दीपगृहांना जोडणारी पायवाट सुमारे १२५ किलोमीटरची, पुरी करायला पाच ते आठ दिवस. पहिल्या खेपेला केप नॅचरलिस्ट ते शुगरलोफ रॉक एवढाच तुकडा करा, एका बाजूने साडेतीन किलोमीटर, वाट चांगली बांधलेली. टोपी, माणशी दीड-दोन लिटर पाणी, बंद बूट. उन्हात वाटेवर साप पडलेले असतात. पाय आपटत चाला आणि त्याला जाऊ द्या. ज्या दिवशी "टोटल फायर बॅन" जाहीर असेल त्या दिवशी उघड्यावर शेगडी पेटवायची नाही आणि जंगलातली वाट टाळायची. उन्हाळ्यात हे रोज सकाळी तपासायचं, कारण वणवा इथे दरवर्षीची गोष्ट आहे. अडचणीत फोन ०००.

१०. परतताना बसल्टन

शेवटच्या सकाळी सामान गाडीत टाकून बसल्टनच्या जेटीवर थांबा. १८६५ पासूनचा लाकडी धक्का, आज लांबी १.८ किलोमीटर. १९७८ मध्ये ॲल्बी चक्रीवादळाने त्याचा मोठा भाग तोडला. गावाने पैसे उभे करून तो परत उभारला. टोकाला पाण्याखाली उतरणारा जिना आहे, काचेबाहेर जुन्या खांबांवर वाढलेले रंगीत प्रवाळ आणि मासे दिसतात. छोटी आगगाडी जाते, पण जाताना चालत जा आणि येताना गाडीत बसा. दहा-अकरापर्यंत पाणी आरशासारखं असतं. दुपारचा वारा सुटला की तुमचीही निघायची वेळ झाली. पर्थ अजून अडीच तास आहे आणि कांगारू बाहेर यायच्या आत घरी पोचायचंय.